मोटारगाडी एका अंगास कां ओढते ?

आपल्या कृषिवर्गांत एके काळीं घरोघरीं बैलजोडी असे. आज ज्याच्या गोठ्यांत बैल नाहीं त्याच्याही दारांत लहान मोटार किंवा माल वाहण्याची पिकअप गाडी उभी असलेली दिसते. बैलाचें दुखणें ओळखण्याची विद्या आपणांस वाडवडिलांपासून मिळालेली आहे. तो पाय कसा टेकतो, रवंथ करतो कीं नाहीं, जूं मानेवर घेतांना मागें कां सरतो, इतक्यावरून जाणता शेतकरी अर्धें निदान करतो. मोटारीच्या बाबतींत मात्र तोच गृहस्थ चावी मिस्त्रीच्या हातीं देऊन बाकावर बसून राहतो, आणि सांगितलें जाईल तें खरें मानून खिशांत हात घालतो. गाडी सरळ चालत असतां एका अंगास ओढूं लागणें हा दोष असा आहे कीं, त्यांत या अज्ञानाचा भुर्दंड विशेष बसतो, आणि क्वचित् प्रसंगीं तो पैशांपुरताच राहत नाहीं. सबब त्याविषयीं आम्हीं अनुभवानें व विचारपूस करून जें जमविलें आहे, तें येथें देण्याचें योजिलें आहे.

आमचा सारा जन्म महसूल खात्याच्या दप्तरांत गेला, यंत्रशाळेंत नव्हे. तथापि त्या खात्यानें आम्हांस एक संवय लाविली, ती अशी कीं, आधीं पंचनामा, मग हुकूम. बांधाची तक्रार आली म्हणजे मोजणी झाल्यावांचून कोणाचाही दगड हलवावयाचा नाहीं. गाडीच्या तक्रारींत मात्र प्रचार उलटा दिसतो. गाडी ओढते असें म्हणतांच "अलाइनमेंट करून घ्या" हा हुकूम सुटतो. कांहीं शें रुपये जातात, चार दिवस बरें वाटतें किंवा वाटल्यासारखें होतें, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पंचनाम्याचें पहिलें कलम हें कीं, दोष गाडीचा आहे कीं रस्त्याचा. पावसाचें पाणी निघून जावें म्हणून डांबरी रस्ता मध्यें उंच व दोन्ही कडांस उतरता बांधतात. हा उतार साधारणतः दर मीटरास दोन ते अडीच सेंटिमीटर असतो. आपल्या देशांत वाहनें डाव्या बाजूनें चालावयाचीं, अर्थात् निर्दोष गाडीही अशा रस्त्यावर हळूहळू डावीकडे कलते. तो तिचा स्वभाव होय, रोग नव्हे. यावरून एक गोष्ट सहज निघते. जी गाडी अशा उतरत्या रस्त्यावरही उजवीकडे ओढते, तिच्यांत कांहींतरी बिघाड आहे हें जवळजवळ निश्चित समजावें. डावीकडे ओढणारीची मात्र नीट परीक्षा केली पाहिजे.

ती परीक्षा अशी. एखादें सपाट व मोकळें आवार गांठावें. बाजारसमितीचें काँक्रीटचें आवार सुटीच्या दिवशीं याच्या फार उपयोगी पडतें. गाडींतील माल उतरून ठेवावा, कारण क्रेट एकाच अंगास रचलेले असले तर गाडी तेवढ्यानेंही झुकते. मग ताशीं वीस-पंचवीस किलोमीटरच्या बेतानें सरळ जावें, बोटें स्टिअरिंगवर सैल ठेवावीं, आणि त्याच रेषेवरून उलट परत यावें. जातांना डावीकडे व येतांना उजवीकडे ओढल्यास दोष जमिनीच्या उताराचा अगर वाऱ्याचा समजावा. दोन्ही खेपांस गाडीच्या एकाच अंगास ओढल्यास दोष गाडीचा. भर रस्त्यावर, वेगांत, दोन्ही हात सोडून ही परीक्षा घेणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. त्यांचें अनुकरण कोणीं करूं नये.

ह्याच वेळीं आणखी दोन गोष्टी निराळ्या काढाव्या. गाडी सरळ जाते परंतु स्टिअरिंग तिरकें धरावें लागतें, ही तक्रार वेगळी. स्टिअरिंग थरथरतें, विशेषतः वेग वाढल्यावर, हीही वेगळी. ओल्या शेतांतून गाडी काढल्यावर चाकाच्या आंतल्या बाजूस चिखलाचा पोपडा वाळून बसतो, आणि तेवढ्यानेंही चाक तोल सोडतें. तो खरवडून काढला कीं पुष्कळदां काम भागतें. ओढणें म्हणजे हात सैल करतांच गाडीनें आपली रेषा सोडून एका बाजूस जाणें. तितक्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

आतां गाडी कां वळते याचें मूळ पाहूं. बैलगाडीचें एक चाक चिखलांत रुतलें व दुसरें कोरड्या जमिनीवर असलें म्हणजे गाडी रुतलेल्या चाकाकडे तोंड फिरविते. जोडींतील एक बैल नेटाचा व दुसरा मंद असला तरी गाडी मंद बैलाच्याच अंगास वळते. मोटारीचेंही असेंच आहे. ज्या अंगाचें चाक अडतें, त्या अंगास ती जाते. हें एक सूत्र ध्यानांत असलें म्हणजे पुढील पुष्कळसा भाग पाठ करावा लागत नाहीं. त्यास जोडून एवढेंच विचारावयाचें कीं, गाडी ओढते ती केव्हां : एकसारखी चालत असतां, ब्रेक दाबतांना, कीं जोर देतांना ? या एका प्रश्नाच्या उत्तरानें अर्धा शोध संपतो. चालकाशिवाय हें उत्तर दुसरा कोणी देऊं शकत नाहीं, आणि मिस्त्रीस तेंच बहुधा कोणी सांगत नाहीं.

गाडी एकसारखी ओढत असेल तर सर्वांत आधीं हवा पाहावी, कारण तिला खर्च नाहीं. ज्या टायरांत हवा कमी तो अधिक चेपतो, अधिक अडतो, आणि गाडी त्याच अंगास जाते. दाब किती असावा हें टायरवर छापलेल्या मोठ्या आंकड्यावरून ठरवूं नये. तो आंकडा त्या टायरास सोसणारी कमाल मर्यादा होय. कारखान्यानें ठरविलेला दाब बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर, किंवा गाडीच्या पुस्तकांत, दिलेला असतो. लहान मोटारींत तो सामान्यतः ३० ते ३५ पौंडांच्या दरम्यान असतो. पिकअपच्या मागच्या चाकांस भार भरल्यावर पुष्कळच अधिक लागतो. मोजणी सकाळीं, गाडी रात्रभर उभी असतां करावी, कारण चालून तापलेल्या टायरांत चार-पांच पौंड अधिक दिसतात. उष्णमान सुमारें साडेपांच अंश सेल्सिअसनें उतरलें कीं दाबही अदमासें एक पौंडानें उतरतो. म्हणून आश्विनांत भरलेली हवा पौषाच्या पहाटे कमी भरते. हवा भरण्याच्या दुकानांतील मापें सर्वत्र सारखीं नसतात. स्वतःचें एक लहानसें माप गाडींत ठेवावें. मापाचा तंटा ज्यानें आयुष्यभर पाहिला त्याचा हा सल्ला आहे.

हवा सारखी असूनही गाडी ओढत असेल तर खुद्द टायरची परीक्षा करावी. निमुळता पेला जमिनीवर आडवा करून ढकलला तर तो सरळ जात नाहीं, बुडाच्या लहान बाजूकडे वळत वर्तुळ काढतो, हें मुलांच्या खेळांत आपण पाहिलेलेंच आहे. टायरच्या आंतील पोलादी पट्टे बनावटींत किंचित् एका बाजूस सरकले असले, किंवा टायर एकाच कडेस झिजला असला, तर तोही थोडासा पेल्याप्रमाणेंच वागतो. बाहेरून पाहतां नवा कोरा दिसत असला तरीही. याचा शोध लावण्याची युक्ति फार सोपी आहे. पुढचीं दोन चाकें एकमेकांच्या जागीं बसवावीं व गाडी पुन्हा त्याच आवारांत चालवून पाहावी. ओढ बाजू बदलील तर दोष टायराचा. पूर्वीच्याच बाजूस राहील तर टायर निर्दोष, दोष गाडीच्या अंगांत. ओढ अजिबात नाहींशी झाल्यास तीं चाकें तशींच राहूं द्यावीं. मात्र कांहीं टायरांच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असतो. असे टायर डाव्याचे उजव्यास घालूं नयेत, त्या ठिकाणीं त्याच अंगाचें पुढचें चाक मागें व मागचें पुढें घेऊन पाहावें. चाकांचा आकार पुढें-मागें सारखा असला तरच हें करावें, हें सांगणें नकोच. अर्ध्या तासाच्या या श्रमांनीं नवे टायर विकत घेण्याचा किती जणांचा खर्च वांचेल !

ह्यानंतर ब्रेक. या भागाकडे वाचकांनीं अधिक लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे, कारण येथें प्रश्न पैशांचा राहत नाहीं.

हल्लींच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांत पोलादी तबकडी असते. ब्रेक दाबला असतां तेलाच्या दाबानें पिस्टन पुढें सरतो, आणि कॅलिपर नांवाचा चिमटा दोन पॅडांमध्यें ती तबकडी आवळतो. पाय उचलला कीं चिमटा सैल व्हावा. तो दोन पिनांवर मागें-पुढें सरकत असतो, व त्या पिनांवर रबराच्या टोप्या असतात. शेतकऱ्याची गाडी उसाच्या खोडक्यांतून, पांदीच्या चिखलांतून, काट्याकुट्यांतून जाते. टोपी फाटली कीं पाणी व माती आंत शिरते, पिन गंजते, आणि चिमटा आवळलेला तो आवळलेलाच राहतो. मळ्यांत काम नाहीं म्हणून गाडी महिना-महिना उभी राहिली तरीही पिस्टन गंजून हाच प्रकार होतो. कधीं कधीं तेलाची रबरी नळी आंतून फुगते. ती दाबानें तेल जाऊं देते, परत मात्र येऊं देत नाहीं. कारण कोणतेंही असो, परिणाम एकच. तें चाक रात्रंदिवस अडतें, गाडी त्या अंगास ओढते, आणि इंधन नेहमींपेक्षां अधिक लागतें.

आमच्या परिचयाचे पुरंदर तालुक्यांतील एक बागाईतदार आहेत. त्यांची पिकअप डावीकडे ओढूं लागली. एका हंगामांत त्यांनीं तीन वेळां अलाइनमेंट केली व पुढचे दोन टायर नवे घातले. नवे टायर घातल्यावर आठवडाभर बरें वाटलें, मग पुन्हा तेंच. पुढें एके पहाटे अंजिरांचे क्रेट भरून पुण्याच्या बाजारास निघाले असतां दिवेघाटाच्या उतारावर डाव्या चाकांतून धूर निघूं लागला, आणि ब्रेक दाबतांच पाय तळाशीं गेला. गृहस्थ सावध, खालचा गिअर टाकून व हातब्रेक थोडा थोडा ओढून त्यांनीं गाडी कशीबशी थांबविली. माणसांस इजा झाली नाहीं, अंजिरांचा मात्र लगदा झाला. मागाहून चाक उघडलें तेव्हां कॅलिपरची एक पिन गंजून व वाळलेल्या मातीनें घट्ट बसलेली निघाली. तिच्या दुरुस्तीचा खर्च एका नव्या टायराच्या किंमतीच्या चौथ्या हिश्शाइतकाही नव्हता.

पाय तळाशीं कां गेला, हें समजून घेण्यासारखें आहे. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, व जसजसा ओलावा वाढतो तसतसें तें कमी उष्णतेवर उकळूं लागतें. अडलेल्या चाकाच्या उष्णतेनें त्याची वाफ झाली कीं पायाचा जोर ती वाफ दाबण्यांतच खर्च होतो, ब्रेकपर्यंत पोहोंचत नाहीं. म्हणून हें तेल साधारणतः दर दोन वर्षांनीं, किंवा गाडीच्या पुस्तकांत सांगितलें असेल त्या मुदतींत, बदलावें. पातळी पुरेशी आहे म्हणून तें चांगलेंच आहे असें मानूं नये.

चाक अडतें कीं नाहीं हें घरींही कळतें. दहा-बारा किलोमीटर मोकळ्या रस्त्यानें, होतां होईल तों ब्रेक न दाबतां गाडी चालवावी, आणि शेवटीं ती आपोआप थांबूं द्यावी. मग पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात बोटभर अंतरावर धरावा. स्पर्श करूं नये. एकाची धग दुसऱ्याहून स्पष्टपणें अधिक लागली तर तें चाक अडतें असें समजावें. गरम तबकडीवर पाणी ओतण्याचा मोह टाळावा, ती वांकते. चिमटा सैल न होण्याचें कारण पिन कीं नळी, हें मिस्त्रीस ओळखतां येतें : तेलाची हवा काढण्याचा स्क्रू किंचित् सैल करतांच चाक मोकळें झालें तर तेलाचा दाब अडकला होता, अर्थात् बहुधा दोष नळीचा, तरीही न सुटल्यास पिस्टन अगर पिन. त्यानें असें करून पाहिलें कीं नाहीं हें विचारण्यास संकोच बाळगूं नये.

एरव्हीं सरळ चालणारी गाडी केवळ ब्रेक दाबतांना एका बाजूस झेंप घेत असेल तर वरील सूत्र उलट बाजूनें लावावें. गाडी जिकडे जाते तिकडचा ब्रेक धरतो. न धरणारा ब्रेक दुसऱ्या अंगाचा. डावीकडे झेंप घेणाऱ्या गाडीचें उजवें चाक आधीं उघडावयास सांगावें. तेथें पॅडांवर तेल अगर ग्रीस उडालेलें असेल, पिस्टन जाम असेल, किंवा तेलांत हवा शिरली असेल. पॅड बदलणें झाल्यास दोन्ही अंगांचे एकदम बदलावे. एक जुना व एक नवा ठेवल्यास तोच खेळ पुन्हा सुरू होतो. असा दोष दिसल्यावर गाडी बाजारास नेऊं नये, मग भाव कितीही चढलेला असो. रस्ता ओला असतां अशी गाडी क्षणांत आडवी होते.

जोर देतांनाच ओढणारी गाडी हा प्रकार त्या मानानें सौम्य. ज्या मोटारींचीं पुढचीं चाकें गाडीस ओढतात, त्यांपैकीं पुष्कळांत इंजिनापासून डाव्या व उजव्या चाकाकडे जाणारे दांडे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून एकदम जोर दिला असतां स्टिअरिंग थोडें हिसकतें. तें पहिल्यापासून तसेंच असेल तर चिंता नको. नवीनच सुरू झालें असेल तर चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचें रबरी बुश, किंवा इंजिन ज्यावर बसतें ती रबरी बैठक, झिजली आहे काय हें पाहावें.

आतां अलाइनमेंट. ती निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं; ती शेवटीं करावयाची आहे, इतकेंच. तींत तीन कोन मोजतात. चालतांना माणसाचे चवडे आंत किंवा बाहेर वळतात, तसा चाकांच्या पुढच्या कडांचा आंत-बाहेर कल तो टो. चाकाचा माथा आंत वा बाहेर झुकणें तो कँबर. आणि सायकलचा पुढचा चिमटा जसा मागें कललेला असतो, ज्यामुळें हात सोडले तरी सायकल सरळ जाते, तसा कल तो कॅस्टर. यांतील टो बिघडला तर टायर झपाट्यानें झिजतात व स्टिअरिंग तिरकें होतें, परंतु गाडी सहसा ओढत नाहीं, कारण चालतांना दोन्ही चाकें तो फरक आपसांत वांटून घेतात. ओढ लागते ती इतर दोन कोनांनीं. ज्या चाकाचा माथा अधिक बाहेर झुकला आहे त्या अंगास, अथवा ज्या अंगाचा कॅस्टर कमी आहे त्या अंगास, गाडी जाते.

येथेंच खरी मेख आहे. अनेक लहान मोटारींत पुढच्या चाकांचा टो तेवढाच पान्यानें फिरवितां येतो. कँबर व कॅस्टर फिरविण्याची सोयच नसते. ज्यामुळें गाडी ओढते तो कोन फिरवितां येत नाहीं, आणि जो फिरवितां येतो त्यानें ओढत नाहीं, अशा स्थितींत तीन वेळां अलाइनमेंट करून उपयोग काय ? तो कोन चुकला आहे याचा अर्थ कोठें तरी कांहीं वांकलें, बसलें अगर झिजलें आहे. म्हणून अलाइनमेंटच्या यंत्रांतून निघणारा कागद आधीचा व नंतरचा, असे दोन्ही मागून घ्यावे, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्याप्रमाणें जपून ठेवावे. त्यांत डाव्या व उजव्या चाकाच्या कँबरमध्यें किंवा कॅस्टरमध्यें अर्ध्या अंशाहून अधिक फरक दिसला, तर तो कोठून आला हें विचारावें.

आपल्या भागांत तो बहुधा डाव्या अंगास येतो, व त्याचें कारण उघड आहे. उसाच्या हंगामांत समोरून दुहेरी ट्रॉली आली कीं आपणांस डावीं चाकें साईडपट्टीवर उतरवावीं लागतात. डांबराची कड कोठें कोठें वीतभर उंच असते. खालीं उतरतांना व वर चढतांना बसणारे हे दणके सारे डाव्या चाकाचा आर्म, त्याचें बुश व बॉल जॉइंट सोसतात. गाडी जॅकवर उचलून चाक वर-खालीं धरून हलवावें. खडखडल्यास बेअरिंग अगर बॉल जॉइंट सैल आहे. डावी-उजवी कड धरून हलवितां खडखडल्यास टाय रॉडचें टोंक पाहावें. जॅकवरच्या गाडीखालीं कोणीं अंग घालूं नये. खालीं मजबूत घोडी किंवा लांकडाचे ठोकळे असावे, विटा नसाव्या, त्या दबतांच फुटतात. असा एखादा भाग बदलल्यावर मात्र अलाइनमेंट अवश्य करावी. त्या वेळीं ती सार्थकीं लागते.

विजेच्या साह्यानें फिरणारें स्टिअरिंग असलेल्या नव्या गाड्यांत आणखी एक भानगड असते. स्टिअरिंग सरळ आहे हें यंत्रास सांगणारा एक संवेदक त्यांत असतो. त्याचा शून्य बिंदु चुकला तर टायर, ब्रेक, कोन सर्व बरोबर असूनही गाडी हलकेच एका अंगास ओढते. तो संगणक जोडून पुन्हा लावून घ्यावा लागतो, पाना चालवून उपयोग नाहीं. कांहीं गाड्या तर रस्त्यावरील पांढरे पट्टे पाहून स्वतःच स्टिअरिंग वळवितात. गाडी नवी असून केवळ पट्टे आंखलेल्या मोठ्या रस्त्यावरच ओढत असेल, तर ती सोय बंद करून पाहावी व मगच मिस्त्रीकडे जावें.

परीक्षेसाठीं चाकें उतरविलीं असल्यास त्यांचे नट समोरासमोरच्या क्रमानें आवळावे, व शंभरेक किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा एकदां पान्यानें तपासावे.